मोठेपणी कोण होणार? : आवाजाने पाहणारी माणसं



या आठवड्यात सदराची सुरुवात तुमच्यातल्याच एका मैत्रिणीच्या पत्राने करूया. ती सातवीत शिकते. ती लिहिते, "बाई, आमच्या आजोबांच्या पोटात फार दुखायचं म्हणून त्यांची सोनोग्राफी केली. मी सोबत गेले होते. तिथल्या ताईंनी आजोबांच्या पोटावर एक यंत्र फिरवलं आणि टीव्हीसारख्या पडद्यावर मूतखडा दाखवला. मला ते काम फार आवडलं. आमच्या गावात एका भिंतीवर जाहिरात आहे, की सहा महिन्यांत सोनोग्राफी टेक्निशियन बना. बाबा म्हणतात, दहावीनंतर तिथेच घालू. ते खरं असतं का?"

पत्र लहान आहे, पण प्रश्न मोठा आहे बरं का! या प्रश्नावर तिची काही वर्षं आणि तिच्या बाबांचे कष्टाचे पैसे अवलंबून आहेत. म्हणून आज जरा सविस्तर बोलू. आई-बाबांनो, तुम्हीही सोबत वाचा.

आधी गंमत समजून घेऊ

विहिरीत तोंड घालून तुम्ही "ओ ऽ ऽ" असं ओरडला असालच. नसाल तर एखाद्या किल्ल्यावर सहलीला गेल्यावर समोरच्या कड्याकडे तोंड करून नक्कीच ओरडला असाल. आपला आवाज आपल्यालाच परत ऐकू येतो. यालाच आपण प्रतिध्वनी म्हणतो. कडा जवळ असेल तर प्रतिध्वनी लवकर येतो, लांब असेल तर उशिरा येतो. म्हणजे डोळे मिटून, नुसता वेळ मोजून कडा किती लांब आहे ते सांगता येईल, हो ना? वटवाघूळ अंधारात नेमकं हेच करतं.

सोनोग्राफीचं यंत्रही तेच करतं. फरक इतकाच, की त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याच्या वरचा तो श्राव्यातीत ध्वनी. सोनोग्राफीत सेकंदाला साधारण २० लाख ते दीड कोटी कंपनांचा ध्वनी वापरतात! कुत्र्याला, वटवाघळालासुद्धा तो ऐकू यायचा नाही.

हा आवाज काढतं कोण? तर एक स्फटिक. तुमच्या स्वयंपाकघरात गॅस पेटवायचा टिक्-टिक् करणारा लायटर असतो ना, त्यातल्या स्फटिकावर दाब पडला की वीज तयार होते आणि ठिणगी उडते. हा गुण पिएर क्युरी आणि त्यांचे बंधू जॅक यांनी १८८० मध्ये शोधला. (हेच ते पिएर, रेडियम शोधणाऱ्या मेरी क्युरींचे पती.) याच्या उलटही होतं. अशा स्फटिकाला वीज दिली की तो थरथरतो आणि आवाज काढतो. डॉक्टरांच्या हातात जो प्रोब असतो, त्यात असे पुष्कळ बारीक स्फटिक ओळीने बसवलेले असतात. ते क्षणभर बोलतात आणि मग गप्प बसून ऐकतात. तोंडही तेच आणि कानही तेच!

आता एक छोटं गणित. शरीराच्या मऊ भागातून आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो. हवेत तो जेमतेम ३४० मीटर धावतो. समजा, आवाज पोटात गेला आणि एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी फक्त ६५ भाग एवढ्या वेळात परत आला. तेवढ्यात त्याने एकूण १० सेंटिमीटर अंतर कापलं. पण हे जाणं आणि येणं दोन्ही मिळून झालं, म्हणून निम्मं करायचं. म्हणजे ज्या वस्तूवर तो आपटला ती ५ सेंटिमीटर खोल आहे. यंत्र अशी असंख्य गणितं डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं आणि पडद्यावर ठिपके मांडतं. त्या ठिपक्यांचंच चित्र होतं.

काळं, पांढरं आणि थंडगार जेली

पडद्यावरचं चित्र वाचायचं कसं? पाणी असेल तिथून आवाज सरळ पुढे निघून जातो, प्रतिध्वनी येतच नाही. म्हणून मूत्राशय, पित्ताशय काळंकुट्ट दिसतं. खडा कठीण असतो. त्यावरून आवाज आपटून परत येतो म्हणून तो पांढराशुभ्र चमकतो, आणि त्याच्या मागे पडते सावली. उन्हात खांबाची पडते ना, तशी. आजोबांचा मूतखडा ओळखू आला तो बहुधा असाच.

प्रोब फिरवण्याआधी पोटावर थंडगार जेली लावतात, ती कशाला? आवाजाचं हवेशी अजिबात पटत नाही. प्रोब आणि कातडी यांच्या मध्ये हवेचा एवढासा पातळ थर राहिला, तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच माघारी फिरतो. जेली ती हवा हटवते. पोटाच्या खालच्या भागाच्या तपासणीआधी "भरपूर पाणी प्या, लघवीला जाऊ नका" असं सांगतात, तेही उगाच नाही. भरलेलं मूत्राशय म्हणजे आवाजासाठी एक खिडकीच असते. शिवाय ते हवेने भरलेली आतडी बाजूला सारतं. पित्ताशय बघायचं असेल तर उपाशी बोलावतात, कारण जेवलं की पित्ताशय आकसतं.

हाडातूनही आवाज नीट जात नाही. मग मेंदू कसा बघायचा? मोठ्यांच्या बाबतीत अवघडच. पण तान्ह्या बाळाची टाळू मऊ असते, तिथे अजून हाड भरलेलं नसतं. आजी जिथे तेल जिरवते, त्याच टाळूच्या खिडकीतून डॉक्टर बाळाचा मेंदू सोनोग्राफीने पाहू शकतात. आहे की नाही नवल?

आणि हे सगळं क्ष-किरणांशिवाय! क्ष-किरण विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. अंगावर किती किरण पडले ते त्यावरून कळतं. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतातच, त्यामुळे नुसत्या सोनोग्राफीच्या खोलीत त्या बिल्ल्याची गरज नसते.

कारखान्यातून दवाखान्यात

हे यंत्र दवाखान्यात आलं त्याची गोष्ट मजेशीर आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयान डोनाल्ड नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते, तिथे रडार वगैरे यंत्रांशी त्यांची ओळख झाली. बॉयलर तयार करणाऱ्या कारखान्यात लोखंडाच्या जोडकामात आत कुठे चीर पडली आहे का, हे श्राव्यातीत ध्वनीने तपासतात, असं त्यांना कळलं. त्यांच्या मनात आलं, लोखंडाच्या आतलं कळतं, तर पोटाच्या आतलं का कळू नये? १९५५ मध्ये ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून थेट कारखान्यात गेले! पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले. पुढे टॉम ब्राऊन हा तरुण इंजिनियर आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर यांच्यासोबत त्यांनी जून १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपलं संशोधन प्रसिद्ध केलं.

बघा हं, एकट्या डॉक्टरला हे जमलं नसतं आणि एकट्या इंजिनियरलाही नाही. आजही सोनोग्राफीच्या खोलीमागे अशी अनेक माणसं उभी असतात. म्हणूनच "मला त्या कामात जायचंय" असं म्हणणाऱ्यापुढे एकच नाही, चांगल्या तीन-चार वाटा असतात.

मग आपल्याकडे प्रोब कोणाच्या हातात?

आता आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा देशांत 'सोनोग्राफर' हा वेगळा व्यवसायच आहे. तिथे डॉक्टर नसलेली, पण खास शिकलेली माणसं प्रोब फिरवतात, चित्रं घेतात, मापं मोजतात. त्यानंतर डॉक्टर ती चित्रं पाहून निदान करतात. अमेरिकेत या शिक्षणानंतर १९७५ पासून चालत आलेल्या एका नोंदणी संस्थेची परीक्षा असते. तिचा एक पेपर सगळा ध्वनीच्या भौतिकशास्त्रावर आणि यंत्रावर असतो, आणि दुसरा पोट, हृदय, गरोदरपण अशा निवडलेल्या विषयावर. ब्रिटनमध्ये बहुतेक जण आधी क्ष-किरण तंत्रज्ञ होतात आणि मग सोनोग्राफीचं पुढचं शिक्षण घेतात. थोडक्यात काय, तिथेही सहा महिन्यांत काम होत नाही.

आपल्याकडे मात्र सोनोग्राफी डॉक्टरच करतात. गरोदर बाईची सोनोग्राफी तर कायद्यानेच ठरावीक डॉक्टरांनी करायची असते. रेडिओलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एमबीबीएसनंतर ठरवून दिलेलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झालेले डॉक्टर. 'सहा महिने' हा शब्द आला, बघितलंत? पण ते सहा महिने डॉक्टर झाल्यानंतरचे! दहावीनंतरचे नव्हेत. जाहिरातवाले हीच गफलत करतात.

म्हणजे बाळ, तू ज्यांना "ताई" म्हणालीस त्या बहुतेक डॉक्टरच असणार.

असा कडक कायदा कशासाठी?

सोनोग्राफी केंद्राच्या दारावर तुम्ही एक पाटी वाचली असेल. येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. ही पाटी लावणं केंद्राला बंधनकारक आहे. अनेक मुलं विचारतात, "बाई, याचा अर्थ काय?" मोठी माणसं उत्तर टाळतात. पण तुम्ही आता एवढे लहान नाही, म्हणून सांगते.

आईच्या पोटातल्या बाळाची वाढ नीट आहे का, हृदय चालतंय का, बाळ आडवं तर नाही ना, हे सोनोग्राफीत दिसतं. त्यामुळे कितीतरी आया आणि बाळं वाचली. पण काही लोकांनी याच यंत्राचा वापर वेगळ्याच कामाला केला. बाळ मुलगी आहे का ते बघायचं, आणि मुलगी असेल तर तिला जन्मच घेऊ द्यायचा नाही. यंत्र चांगलं, पण वापरणाऱ्याची बुद्धी फिरली.

याविरुद्ध १९८० च्या दशकात मुंबईत स्त्रियांच्या संघटनांनी, डॉक्टरांनी, कार्यकर्त्यांनी आवाज उठवला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने याबाबतचा कायदा केला, देशातल्या राज्यांत सगळ्यांत आधी. पुढे १९९४ मध्ये संसदेने साऱ्या देशासाठी कायदा केला. तो १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. तरीही आकडे काय सांगतात? सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, आणि २०११ मध्ये ८९४. पहिला कायदा आपण केला, आणि आकडा मात्र घसरतच गेला. कायदा कागदावर लिहिता येतो. घराघरांतल्या मनावर लिहायचा तर तुम्हाला-आम्हालाच लिहावा लागतो.

आम्ही शिक्षक जूनमध्ये पहिलीचा हजेरीपट नवीन लिहितो तेव्हा मुलींच्या नावांखाली आकडा मांडताना हात जरा थबकतो. जी नावं त्या पानावर कधी आलीच नाहीत, त्यांना हजेरी कशी विचारणार?

म्हणून त्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी मोठी असते. गरोदर बाईची सोनोग्राफी केली की एक ठरावीक फॉर्म भरावा लागतो, नोंदी जपून ठेवाव्या लागतात. या नोंदी म्हणजे किरकोळ कारकुनी नव्हे, असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. मुलगा की मुलगी हे शब्दाने, खुणेने, कसंही सांगणं हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. कोणी पैसे पुढे केले, ओळख काढली, "पेढा की बर्फी एवढंच सांगा हो" असं लाडीगोडीने विचारलं, तरी तोंडाला कुलूप! मार्कांच्या आधी हा गुण अंगी हवा.

वाटा कोणत्या?

पहिली वाट : डॉक्टरची. स्वतःच्या हाताने प्रोब फिरवायचा असेल तर हीच वाट. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, मग नीट परीक्षा. एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. नंतर पुन्हा प्रवेशपरीक्षा आणि रेडिओलॉजीचं एमडी तीन वर्षं. वाट लांबची आहे, पण सातवीतल्या मुलीकडे वेळ आहे की!

दुसरी वाट : इमेजिंग तंत्रज्ञाची. मोठ्या रुग्णालयात क्ष-किरण, सीटी स्कॅन, एमआरआय ही यंत्रं चालवतात ते हे तंत्रज्ञ. रुग्णाला नीट झोपवायचं, समजावायचं, योग्य चित्र घ्यायचं, नोंदी ठेवायच्या. सोनोग्राफीच्या खोलीत ते डॉक्टरांना मदत करतात. त्यासाठी बारावी सायन्सनंतर पदवीचे अभ्यासक्रम आहेत. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांतही पॅरामेडिकलचं शिक्षण मिळतं.

तिसरी वाट : हृदयाची. कार्डियाक टेक्नॉलॉजीचे विद्यार्थी ईसीजी, इको यांसारख्या तपासण्या शिकतात आणि हृदयतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करतात. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच. हृदयाच्या झडपा उघडतात-मिटतात ते यात डोळ्यांसमोर दिसतं. रक्त कुठल्या दिशेने, किती वेगाने वाहतंय हेही कळतं. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी ऐकू येते आणि लांब गेली की उतरते, तेच हे डॉप्लरचं तत्त्व.

चौथी वाट : यंत्रांच्या डॉक्टरची. बायोमेडिकल इंजिनियर ही यंत्रं बनवतात, दुरुस्त करतात. ज्याला घरातला रेडिओ उघडून बघायची खोड आहे (आणि त्यापायी मार खायची तयारी आहे!) त्याने या वाटेचा विचार करावा.

यांतली कुठलीही वाट हलकी नाही. काम उभ्याने, वाकून, तासन् तास. प्रोब धरून खांदा आणि मनगट दुखतं. समोरचा माणूस घाबरलेला असतो. त्याला धीर द्यायचा, पण जे आपण सांगायचं नाही ते सांगायचं नाही. पडद्यावर जे दिसलं ते बाहेर चहाच्या टपरीवर बोलायचं नाही.

आई-बाबांसाठी चार प्रश्न

फी भरण्याआधी वही घ्या आणि हे चार प्रश्न विचारा.

१) पदवी किंवा पदविका कोण देणार? विद्यापीठ, सरकारमान्य मंडळ, की संस्था स्वतःच छापणार?

२) अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची? २०२१ मध्ये संसदेने तंत्रज्ञांसारख्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. तेव्हापासून अभ्यासक्रमांचे नियम बदलत आहेत. म्हणून प्रवेशाच्या वर्षीचीच माहिती काढा, शेजारच्या मुलाने चार वर्षांपूर्वी काय केलं ती नको.

३) प्रत्यक्ष शिक्षण कुठल्या रुग्णालयात? ते लेखी द्याल का? यंत्र न बघता यंत्र शिकणं म्हणजे विहीर न बघता पोहणं शिकणं.

४) "हा कोर्स करून स्वतः सोनोग्राफी करता येईल का?" असं साधेपणाने विचारा. समोरचा "हो हो, नक्की" म्हणाला, तर नमस्कार करून उठा. तो तुमच्या मुलीला अशा कामाला लावू पाहतोय, जे केल्यावर ती गुन्हेगार ठरू शकते.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाने असाच एक कोर्स केला. वडिलांनी बैल विकून फी भरली. हातात चकचकीत प्रमाणपत्र आलं, पण ते घेऊन तो जिथे जिथे गेला तिथे "हे चालत नाही" एवढंच उत्तर मिळालं. आता तो बारावी सायन्स करून पुन्हा पहिल्या पायरीपासून चढतोय. मुलगा जिद्दीचा आहे, होईल सगळं. पण ती दोन वर्षं आणि ती बैलजोडी कोण परत देणार?

तेव्हा मैत्रिणी, बाबांना हे पान वाचून दाखव. रागावून नको, जवळ बसून. दहावीनंतर त्या भिंतीवरच्या पत्त्यावर नको, अकरावी सायन्सला जायचंय, असं सांग. तोपर्यंत काय करायचं? विज्ञानातला ध्वनीचा धडा पाठ करू नकोस, समजून घे. शरीराची चित्रं काढ. मन लावून बघायची सवय लाव, कारण हे सगळं कामच मुळी बघायचं आहे.

करून बघा

शाळेच्या मोठ्या भिंतीसमोर उभे राहून टाळी वाजवा. एकेक पाऊल मागे सरका. साधारण १७ मीटरच्या पुढे गेलात की टाळीचा प्रतिध्वनी वेगळा ऐकू येऊ लागेल. का बरं? हवेतला आवाजाचा वेग वर दिलाय आणि तेवढं अंतर जाऊन यायला किती वेळ लागेल ते तुम्हीच काढा. आणि दुसरं गणित : पोटातून प्रतिध्वनी एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी १३० भागांत परत आला, तर वस्तू किती खोल? उत्तरं पोस्टकार्डावर लिहून पाठवा. नुसतं उत्तर नको, रीतही लिहा!

पुढच्या आठवड्यात भेटू, नव्या कामाच्या नव्या माणसांसोबत.

तुमच्या
बाई